बाही मुंढ्यात बसत नाही

बस. चहा नंतर. आधी हा कागद बघ.

४२ चा ब्लाउज आहे. तूच काढलेला, तुझ्याच नावानं विकलेला. हा पुढचा मुंढा, हा मागचा, ही बाही. टेप उभी धर आणि शिलाईच्या रेषेवरून मोज. कागदाच्या कडेवरून नको, माया धरून मोजलं की गोलात आकडा फसवतो; हे तुला झबलं शिकवतानाच सांगितलं होतं. पुढचा किती आला? मागचा? बेरीज कर. आता बाहीचा गोल मोज.

पाऊण इंच. बाही मुंढ्यापेक्षा पाऊण इंच कमी. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा ठेवायचा असतो, अंगाबरोबरच्या ब्लाउजलासुद्धा अर्धा इंच तरी, म्हणजे ती मुंढ्यात दाबत दाबत बसवता येते आणि दंडावर वळते. तुझी उलटी निघाली. ताणून लावली तर मुंढ्याला सुरकुत्या, न ताणता लावली तर काखेत भोक. यातून तिसरी वाट असेल तर दाखव, मी शिकायला तयार आहे.

आणि सॉफ्टवेअरनं केलं असं म्हणू नकोस. सॉफ्टवेअरनं काय केलं आणि तू काय केलंस हे मी कागदावरून वाचू शकते. ३४ चं माप सुरेख आहे. टक्सची टोकं जागच्या जागी, गळा शोभतो, खांद्याला उतार बरोबर. कारण ३४ हे तुझं स्वतःचं माप आहे आणि ते तू अंगावर घालून आरशात बघितलंस. मग तो ३४ निवडला आणि सगळाच्या सगळा फुगवत ४२ पर्यंत नेला. खांदा १४ इंच होता तो सव्वासतरा झाला. पुढचा गळा सात इंच खोल होता तो साडेआठच्याही पुढे गेला. ते बघून तुला स्वतःलाच धक्का बसला असणार, म्हणून तू खांदा आत घेतलास आणि मुंढ्याचा गोल नव्यानं ओढलास. खांदा आत गेला की मुंढा लांबतो. तो लांबला आणि बाही होती तिथेच राहिली. खरं की नाही? मान हलवू नकोस, बोल.

छाती आठ इंचांनी वाढली म्हणून खांद्याची हाडं वाढत नाहीत. प्रत्येक भाग आपापल्या हिशोबानं वाढतो, ग्रेडिंग ग्रेडिंग म्हणतात ते एवढंच. छातीचा घेर दोन इंचांनी वाढला की चौथ्या भागाला अर्धा इंच. खांद्याला एका बाजूनं एक सूत, फार तर दीड. गळ्याच्या रुंदीला अर्धं सूत. पाठीच्या उंचीला त्याहून थोडं अधिक, तेही जपून. या हिशोबानं १४ चा खांदा ४२ ला पंधराच्या आसपास येतो. सव्वासतरा खांद्याची बाई मी तरी ब्लाउजच्या मापाला आलेली पाहिली नाही. शिवाय चाळिशीच्या पुढच्या मापांना एकाच बेसिक ब्लॉकवरून जायचंच नाही. दोघींची छाती ४२ असते, पण काखेतून वरची छाती एकीची ३८ आणि दुसरीची ४० असते. एकीला खोल टक्स लागतात, दुसरीला उथळ. तिथे दुसरा ब्लॉक काढायचा, तो त्या मापाच्या खऱ्या बाईवर घालून बघायचा आणि मग त्याच्या आजूबाजूची मापं करायची. यात नवीन काय सांगतेय मी? तुझ्या वहीत हे सगळं आहे. वही कुठे आहे हे विचारत नाही, उत्तर ऐकवणार नाही मला.

तुम्हा मुलींना वाटतं, घरबसल्या पॅटर्न विकणं ही इंटरनेटची देणगी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावात एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी होता, त्यानं १८६३ साली हाच धंदा सुरू केला. त्याच्या आधीही कागदी नमुने मिळायचे, पण एकाच मापाचे. घरच्या बाईनं ते आपल्या अंगाला बेतून घ्यायचे. बटरिकनं वेगवेगळ्या मापांचे नमुने तयार करून विकले आणि त्यावर त्याचा व्यापार उभा राहिला. लक्षात आलं? या व्यवसायाचा पायाच ग्रेडिंग आहे. त्याच्या पातळ कागदावर छापील अक्षर नसायचं. भोकं असायची आणि कडेला खाचा. त्या भोकांवरून बायका पोरांचे सदरे बिनचूक शिवायच्या, कारण भोकं जागच्या जागी होती. तुझ्या पीडीएफमध्ये पाच रंगांच्या रेषा आहेत, कव्हरवर तुझा हसरा फोटो आहे, आणि बाहीच्या गोलावर एक खाच नाही. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, हे शिवणारीनं कशावरून ओळखायचं? तुझ्या हसण्यावरून?

आता हे माझ्याकडे आलं कसं ते सांगते. आपल्या चाळीत वरच्या मजल्यावरच्या सुनेच्या ओळखीनं एक बाई परवा माझ्याकडे आल्या. मुलीच्या लग्नातली त्यांची येवल्याची पैठणी. तिचा ब्लाउजपीस. तू मला शिंप्याकडचे कटपीस दाखवू नकोस, पैठणीचा ब्लाउजपीस साडीबरोबर विणून आलेला असतो. तसलाच दुसरा बाजारात मागून मिळत नाही, त्याच विणकराकडे गेलं तरी रंगाचा लॉट जुळेल याची खात्री नाही. त्या बाईंनी तुझा पॅटर्न विकत घेतला, घरी शिवायला घेतला, आणि बाही बसेना म्हणून तीनदा उसवली. रेशीम तीनदा उसवल्यावर सुईची भोकं राहतात हे तुला सांगायला नको. त्यांना वाटत होतं, आपलंच चुकतंय. माझ्याकडे आल्या त्या शिकायला आल्या, तक्रार करायला आल्याच नाहीत. "बाई, माझ्या हातात कला नाही हो," असं म्हणाल्या. चाळीस वर्षं घरचं शिवण करणारी बाई!

मग त्यांनी मला फोन दाखवला. कापायच्या आधी त्यांना शंका आली होती, म्हणून त्यांनी तुला विचारलं होतं: ताई, बाही लहान वाटते, बघाल का. आणि तू उत्तर दिलंस रात्री पावणेबाराला. "हो ताई, बरोबर आहे, बिनधास्त कापा," आणि पुढे एक फूल. मोजून बघितलं होतंस का? नाही ना. फाइल उघडलीस तरी? कात्री हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला तू अंथरुणात पडल्या पडल्या कापा म्हणालीस. ग्रेडिंगची चूक मी एकवेळ अज्ञान म्हणून सोडून देईन. हे नाही सोडणार.

शिंप्याचं काम आणि तुझं काम यात एक मोठा फरक आहे आणि तो तू कधी मनावर घेतलाच नाहीस. शिंप्याची चूक झाली तर गिऱ्हाईक समोर असतं. ट्रायलला बोलावतो, काखेत अर्धा इंच सोडतो, खांदा उचलतो, टक्स मारतो, चूक तिथल्या तिथे जिरते. मी आयुष्यभर तशा चुका जिरवल्या आहेत आणि त्याचे पैसेही घेतलेत. तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरी तू नसतेस. तू सांगलीच्या बाईच्या टेबलाशी उभी नाहीस, बदलापूरच्याही नाहीस. तिथे फक्त तुझा कागद असतो, आणि तो काय बोलतो तेवढंच ती ऐकते. म्हणून तुझी मेहनत सगळी आधी व्हायला हवी, विकण्याच्या आधी. विकल्यावर ताई-ताई करून काही भरून येत नाही.

तुझा दिवस कसा जातो हे मला तुझ्याच रीलमधून कळतं. हो, बघते मी. नातीनं लावून दिलंय. सकाळी खिडकीतून ऊन छान येतं तेव्हा तुझा व्हिडिओ चाललेला असतो. कात्री चालतेय, मागे गाणं, कापड अलगद पडतंय. दुपार मेसेजना उत्तरं देण्यात. संध्याकाळी रविवार पेठेत लेस-बटणं आणायला जायचं आणि तिथेही फोन वर धरलेला. आणि ड्राफ्टिंग? रात्री जेवणं उरकल्यावर, दिव्याखाली, मान मोडून, फोन उजव्या हाताला ठेवून. घरात बसून स्वतःचा धंदा करतेस म्हणजे कुणी विचारणारं नाही, हे खरं. विचारणारं कुणी नसलं की अवघड काम आपोआप रात्रीवर जातं आणि सोपं सकाळी येऊन बसतं. नोकरीत साहेब असतो तो यासाठीच असतो, तो कितीही बिनडोक असला तरी.

सकाळचे पहिले तीन तास ड्राफ्टिंगला द्यायचे. ऊन व्हिडिओला नको, रेषेला हवंय. फोन दुसऱ्या खोलीत. गिऱ्हाइकांना एक वेळ ठरवून सांग, दुपारी तीन ते चार म्हण, त्याच वेळेला उत्तर द्यायचं आणि फाइल समोर उघडून द्यायचं. रात्री बाराला उत्तर देणाऱ्या दुकानाला लोक आपुलकीचं म्हणत नसतात गं, त्यांना फक्त सवय लागते. आणि आज जे काढलं ते आज तपासायचं नाही. उद्या तपासायचं. त्याच दिवशी डोळ्यांना आपल्याला जे काढायचं होतं तेच दिसत राहतं.

तपासायचं म्हणजे काय, तेही विसरलीस असं धरून सांगते. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक दोन कडा एकमेकींवर चालवून बघायच्या: पुढचा खांदा मागच्या खांद्यावर, बाजू बाजूवर, बाही मुंढ्यात खाचेपासून खाचेपर्यंत. टक्स कागदावर मिटवून खालची कड सरळ येते का बघायची. नाही आली तर टक्सच्या तोंडाशी कागद वाढवायचा. उभा धागा प्रत्येक तुकड्यावर दाखवायचा, बाहीवरही. तुझ्या बाहीवर बाण नाही, म्हणून कापड वाचवायला कुणीतरी ती आडवी लावणार आणि कुणीतरी चक्क उरेब कापणार. मुंढा हलवला की बाही हलते, अस्तर हलतं, गळ्याची पट्टी कधी कधी हलते. एका वहीत प्रत्येक पॅटर्नचं एक पान ठेव, काय बदललं आणि त्यामुळे आणखी काय बदलायला हवं हे तिथे लिही. तुझ्या कॉम्प्युटरवर "फायनल", "फायनल २" आणि "फायनल नवीन" अशा फायली आहेत, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस क्लासच्या मुलींना. मुली हसल्या. मला हसू आलं नाही. यातली कुठली विकलीस ते आज तुला सांगता येतंय का? तुकड्या-तुकड्यावर तारीख आणि आवृत्तीचा आकडा छाप.

छपाईचं तर बोलायलाच नको. तुझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीजणींच्या घरी प्रिंटर आहे? त्या फाइल व्हॉट्सअॅपवर झेरॉक्सवाल्याला पाठवतात. तो पोरगा "फिट टू पेज" करून छापतो, कारण दिवसभर तो आधार कार्डं तशीच छापतो. कागद शंभरचा शहाण्णव टक्के झाला की ३६ ची छाती साडेचौतीस होते. दीड इंच गेला, म्हणजे ब्लाउजला जेवढी सैल जागा ठेवली होती ती सगळी गेली. यावर उपाय साधा आहे, पहिल्या पानावर पाच सेंटिमीटरचा चौकोन, आणि त्याखाली ठळक अक्षरात: हा मोजा, पाच भरला तरच पुढची पानं छापा. तुझा चौकोन आहे शेवटून दुसऱ्या पानावर. तिथपर्यंत पोचेस्तोवर बाईंनी तीस पानांचे पैसे दिलेले असतात. आणि अमेरिकेत जाऊन राहिलेल्या आपल्या मुलींनाही विकतेस ना? त्यांच्याकडे ए-फोर सहसा मिळत नाही, लेटर नावाचा कागद असतो, रुंदीला साधारण सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला अठरा मिलिमीटर कमी. तुझी रचना ए-फोरच्या पूर्ण उंचीची, तेव्हा तिथे एकतर तळ कापला जाणार नाहीतर सगळं आक्रसणार. ए-फोरची रुंदी आणि लेटरची उंची, यांच्या आत समास सोडून बसव, दोन्हीकडे चालतं.

मायेचा गोंधळ वेगळाच. मापं इंचात, आणि शिवायच्या सूचनांत म्हणतेस "एक सेंटिमीटरवर टीप मारा". पण कागदावर माया अर्धा इंच ठेवलीयेस. फरक पाव सेंटिमीटरच्या थोडा वर, दिसायला क्षुल्लक. प्रिन्सेस कटचा ब्लाउज धर. दोन बाजू, पुढे दोन शिलाया, मागे दोन. सहा शिलाया म्हणजे बारा कडा. बाराने गुण. सव्वातीन सेंटिमीटर होतं, इंचात सव्वा इंच. एवढ्यानं तयार ब्लाउज सैल झाला की ती बाई म्हणणार माझं माप चुकलं. जर्मनीतलं बुर्डा मासिक १९५० पासून निघतंय, त्यांच्या कागदावर माया मुळीच नसते. एकावर एक चढलेल्या रेषांचं जंगल असतं नुसतं. पण माया नाही, तुम्ही घाला, हे ते स्पष्ट सांगतात आणि वर्षानुवर्षं तसंच वागतात. म्हणून कुणाची फसगत होत नाही. तू माया दे नाहीतर नको देऊ. मात्र एकच काय ते सांग.

आणि "कापड एक मीटर" एवढंच लिहून मोकळी झालीस. पन्हा किती? ३६ चा पन्हा आणि ४४ चा पन्हा यांत ४२ च्या ब्लाउजच्या बाह्या वेगळ्या लागतात. गुळेदगुड्डचा खण घेऊन बसली एखादी, तर त्याचा पन्हा त्याहून अरुंद. तिला लेआउट काढून दे. काठ कुठे यायचा, बाहीच्या तोंडाशी की पाठीला, हे सुद्धा त्यातच आलं.

टेस्टर म्हणून कुणाला घेतलंस ते माहीत आहे मला. तुझ्या मैत्रिणी, तिघीही अंगानं तुझ्यासारख्या, चार दिवसांत शिवून फोटो टाकायचा, बदल्यात पॅटर्न फुकट. ती जाहिरात झाली, तपासणी कुठे झाली? फोटोत हात खाली सोडलेला असतो. ब्लाउजची परीक्षा हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढताना होते. सर्वांत लहान, मधलं आणि सर्वांत मोठं, एवढी मापं तरी आधी तू स्वतः मांजरपाटात शिवायला हवीत. इचलकरंजीचा साधा मांजरपाट आण, धुऊन इस्त्री कर, त्यावर पेन्सिलीनं उभा-आडवा धागा काढ आणि त्या मापाच्या बाईला घाल. तिला कापड दे, वेळ दे, मानधन दे. आणि ज्या बाईला तुझं कौतुक करायचं नाही तिला शोध. माझ्या वर्गात दोघी-तिघी आहेत तशा, पत्ता देते.

तू म्हणशील, ९९ रुपयांत एवढं सगळं परवडत नाही. मग ९९ ला विकायला सांगितलं कुणी? शेजारची विकते म्हणून? ९९ रुपयांत तू मांजरपाट वाचवतेस आणि त्याची किंमत पैठणीवाली मोजते. तीनशे लाव, साडेतीनशे लाव, कमीजणी घेतील, घेऊ देत. वर्षाला बारा पॅटर्न काढण्यापेक्षा चार काढ. दर पंधरा दिवसांनी नवं काहीतरी दाखवायलाच हवं हा नियम तुला फोननं घालून दिलाय, गिऱ्हाइकानं नव्हे. त्या बाईंना तुझ्याकडून वर्षात एक ब्लाउज हवा होता. बाही बसणारा.

हो, आणि तू कुणीतरी तुझं डिझाइन चोरलं म्हणून रडत होतीस मागच्या महिन्यात. त्यावर थोडक्यात सांगते, कारण त्यात रडण्यासारखं फारसं नाही. मूळ बेसिक ब्लॉक कुणाच्या मालकीचा नसतो, तुझ्याही नाही. तुझी सूचनापत्रिका, तुझ्या आकृत्या जशाच्या तशा कुणी विकल्या तर तो अन्याय आहे, तिथे भांड. पण कपड्याच्या डिझाइनचं म्हणशील तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं पंधरावं कलम वाच: नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्यावरून यंत्रानं पन्नासांहून जास्त नग निघाले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ साली दोन कपडेवाल्या कंपन्या याच कलमावर भांडल्या आणि डिझाइन न नोंदवलेली हरली. नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते, दहा वर्षांसाठी, पुढे पाच वाढतात. पण डिझाइन नवं असावं लागतं, आणि तू तर कागदावर रेष ओढायच्या आधीच रील टाकतेस. तेव्हा चोरीचं दुःख बाजूला ठेव. तुझ्याकडे चोरण्यासारखं जे आहे, म्हणजे तो ३४ चा कट, तो खरंच सुंदर आहे. बाकीच्या मापांची चोरी जो करेल तो स्वतःच्या कर्मानं मरेल.

डोळे पूस. रडलीस म्हणून मी थांबणार नाही हे तुला पहिल्या वर्षीच कळलं होतं. क्लासमधल्या बाकीच्या मुलींना मी एवढं बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही, त्या परकर आणि अभ्रे शिवून सुखी आहेत.

आता लॅपटॉप उघड. तो पॅटर्न विक्रीतून काढ. पूर्ण काढ, "लवकरच नव्या रूपात" वगैरे लिहू नकोस. मग ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांची यादी काढ आणि प्रत्येकीला लिही. मी सांगते, टाइप कर. "३४ सोडून इतर सर्व मापांत बाही आणि मुंढा जुळत नाही. चूक माझी आहे, तुमच्या हाताची नाही. कापड कापलं नसेल तर कापू नका. पैसे परत करते आहे, दुरुस्त पॅटर्न तयार झाला की तो विनामूल्य पाठवीन." फुलं नकोत. "तांत्रिक अडचण" खोड. "क्षमस्व"च्या पुढे ते हात जोडलेले चित्रसुद्धा काढ. चूक माझी आहे हे वाक्य दुसऱ्या ओळीत राहू दे, खाली सरकवू नकोस, मी बघतेय.

पैठणीवाल्या बाईंना मेल करायचा नाही. त्यांना फोन कर, माझ्यासमोर, आत्ता. आधी विचार, साडीच्या खोचायच्या टोकाकडून वीतभर कापड निघेल का. ते टोक निऱ्यांच्या आत जातं, कुणाला दिसत नाही, आणि बहुतेक जणी हो म्हणतात. त्यातून दोन कळ्या निघतील, पूर्वी चोळीला काखेत घालायच्या तशा. मुंढा न उसवता बाहीच्या खालच्या शिलाईत त्या बसतात आणि तुझा पाऊण इंच भरून निघतो. भोकं पडलेली कड कळीच्या मायेत जाईल एवढी काळजी घे. कळी तू कापायचीस, हातानं कच्चा टाका घालून त्यांच्या अंगावर बघायचीस, मग मशीन. आणि त्यांच्याकडे तू जायचंस, त्यांना इकडे बोलवायचं नाही. नंबर हा घे. ९ नंबरची सुई आहे का तुझ्याकडे? नाहीच असणार. रेशमाला लागेल ती बारीक सुई माझ्या डब्यात आहे, डाव्या कप्प्यात, तीही घेऊन जा.